एसेनगुलने न लिहिलेली ओळ

एसेनगुल साठीला टेकला होता आणि आयुष्यात त्याने दोनच कामं धड केली होती. आधी गोल अडवले, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर दुसऱ्यांचे गोल का अडले नाहीत ते लिहिलं. बिश्केकमधल्या ज्या क्रीडापत्रात तो लिहायचा ते बंद पडलं तेव्हा त्यातल्याच दोघातिघांनी एक वेबसाइट काढली आणि जुन्या टेबलखुर्च्यांबरोबर एसेनगुललाही उचलून नेलं. पेन्शन अजून लांब होती. कुठे जाणार होता?

त्याचं काम म्हणजे सामन्याआधीचं टिपण. सामन्यात कोण कुठून घुसेल, कोणाच्या बचावाची कुठली बाजू कच्ची, कुठला खेळाडू पाऊण तासानंतर दमतो, हे सगळं आधीच लिहून मोकळं व्हायचं. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो भाकितं करत नसे. एकेका खेळाडूचे दहादहा जुने सामने बघायचा, वहीत खुणा करायचा आणि जे दिसलं ते लिहायचा. "मला दिसतं ते मी लिहितो," हे त्याचं पालुपद होतं. त्याची बायको बुरुल म्हणायची, "घरातला नळ दोन महिने गळतोय, तो तेवढा दिसत नाही तुम्हाला."

संपादक उलान तिशीतला होता. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो एसेनगुलच्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला.

"अगाय, उद्यापासून पडद्यावरचा फुटबॉलही तुमच्याकडे."

"पडद्यावरचा म्हणजे? टीव्हीवर दाखवतात तोच ना?"

"नाही हो. खुर्चीत बसून, हातात कंट्रोलर धरून खेळतात तो. देशांचे संघ आहेत, पात्रता सामने आहेत, राष्ट्रगीतं वाजतात. खऱ्या सामन्यांपेक्षा जास्त लोक बघतात हल्ली."

"त्यात डावपेच कसले? अंगठे आपटायचे!"

"ते तुम्ही बघा आणि आम्हाला सांगा," म्हणून उलान उठला. अगाय म्हणजे गुरुजी. असा मान देऊन या माणसाकडून काम कसं काढून घ्यायचं हे उलानला चांगलं कळत होतं.

एसेनगुलने घरी येऊन मुलीला विचारलं. अक्सामाय तेव्हा एकवीस वर्षांची होती, बाजारात फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करायची आणि उरलेला वेळ हाच खेळ खेळायची. बापाला हे माहीत होतं, पण त्याने कधी मान वर करून पडद्याकडे पाहिलं नव्हतं. आता तो तिच्याशेजारी सोफ्यावर बसला आणि चार दिवसांत त्याचा सूर बदलला. पडद्यावरचे अकराही जण सारखेच पळत होते, त्यांना घाम नव्हता, गुडघे नव्हते. पण त्यांना पळवणारा अंगठा माणसाचा होता. एकाला चेंडू मिळाला की तो उजवीकडेच वळे. दुसरा गोल खाल्ल्यावर पाच मिनिटं वेड्यासारखा सगळ्यांना पुढे पळवी. मैदानावर माणूस आपली खोड दहा जणांच्या आड लपवू शकतो. इथे अकराही जण त्याचेच, लपणार कुठे?

तो लिहायला लागला आणि बघता बघता त्याच्या टिपणांची सवय लागली लोकांना. खेळणारे तर ती आरशासारखी वाचायचे, आणि आरशावर रागावतात तसे रागवायचेही. मग गेल्या वर्षी अक्सामाय किर्गिझस्तानच्या तिघांच्या संघात निवडली गेली. निवडीचे सगळे सामने तिने सगळ्यांसमोर जिंकले होते, तरी जिभा वळवळल्याच. "बाप लेखणीवाला आहे ना," कोणीतरी वेबसाइटवर टिपणाखाली लिहिलं. एसेनगुलने ते वाचलं आणि वहीत खुणा करत राहिला. पहिल्याच टिपणात त्याने लेकीच्या पासेसना 'सुस्त' म्हटलं होतं. तिने जेवताना म्हटलं, "सुस्त?" तो म्हणाला, "सुस्तच." ती म्हणाली, "बरं, वाढा." महिन्याभरात तिचे पास सुधारले.

एक गोष्ट मात्र त्याने कधी लिहिली नव्हती.

अक्सामाय एका गोलने पुढे असली आणि समोरच्याने तिला डाव्या कोपऱ्यात, तिच्याच गोलजवळ, दोन्हीकडून दाबलं, की तिचा अंगठा चेंडू मागे देई. गोलरक्षकाकडे. दर वेळी. चेंडू बाहेर लाथाडता येत होता, पुढे लांब मारता येत होता, पण ती मागे बघायची. समोरच्याला हे कळलं असतं, तर त्याने एक माणूस मधल्या वाटेवर उभा केला असता आणि पुढचं काम आपोआप झालं असतं. पण ती डाव्या कोपऱ्यात सापडायची क्वचित, चारपाच सामन्यांतून एकदा. अजून कोणाला कळलं नव्हतं. एसेनगुलला दोन वर्षांपासून कळलं होतं.

कारण ही खोड आली कुठून तेही त्याला ठाऊक होतं. ती सात-आठ वर्षांची असताना, त्यांच्या पाच मजली इमारतींच्या मधल्या अंगणात, मोठी पोरं तिला भिंतीच्या कोपऱ्यात गाठायची. दोन पोपलर झाडांच्या मध्ये बाप गोल राखत उभा असायचा. तिथून तो ओरडायचा, "अडकलीस की मला दे!" आणि ती द्यायची. सगळ्या तंगड्यांच्या मधून चेंडू घरंगळत त्याच्याकडे यायचा, आणि तो वाकून उचलायचा.

फेब्रुवारीत उझबेकिस्तानशी सामना ठरला. बिश्केकमध्येच, दुपारी बाराला. जिंकेल तो थेट आशियाई फेरीत जाणार, हरेल त्याला कझाकस्तानशी आणखी एक सामना. तिघांविरुद्ध तिघे, एकेकाचा एकेक डाव, दोन डाव जिंकणारा देश पुढे. आधीच्या सोमवारी एसेनगुल उलानकडे गेला.

"हे टिपण दुसऱ्या कोणाला दे."

"कोणाला? एकजण कुस्ती लिहितो, दुसरा घोड्यांचं. दोघांना ऑफसाइड कळत नाही."

"माझी मुलगी खेळतेय उलान."

"वर्षभर खेळतेय. वर्षभर लिहिताय तुम्ही. आता सगळ्यात मोठ्या सामन्याला हात वर केलेत तर लोक काय म्हणतील? म्हणतील, काहीतरी लपवायचंय म्हाताऱ्याला." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आहे का काही?"

"काही नाही," एसेनगुल म्हणाला.

"मग लिहा."

त्या आठवड्यात बिश्केकवर कोळशाचा धूर असा बसला होता की समोरची इमारत दिसत नव्हती. खिडक्या उघडायची सोय नाही, पाइप तापलेले, घरात कोंडून घेतल्यासारखं. एसेनगुल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसायचा आणि उठायचा. बुरुल सकाळी शिवणाच्या कारखान्यात जायची आणि दुपारी येऊन त्याला तिथेच बघायची.

"काय चाललंय?"

"टिपण."

"एवढे दिवस? लग्नाच्या आधी मला पत्र लिहायला एवढे दिवस लावले नव्हते."

त्याने तिला सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सरळ म्हणाली असती, पोरीला सांगा. आणि तेच तर अवघड होतं. टिपणात लिहिलं तर उझबेकांच्या हातात सुरी दिल्यासारखं. न लिहिलं तर वर्षानुवर्षं 'दिसतं ते लिहितो' म्हणणाऱ्याने पहिल्यांदा डोळे मिटल्यासारखं. मुलीला सांगावं तर सामन्याला चार दिवस उरलेले. चार दिवसांत खोड जात नाही, फक्त भीती येते. हे तो अनुभवावरून सांगू शकत होता. बिश्केकला फ्रुंझे म्हणत त्या काळात, तो पंचविशीत असताना, एका वार्ताहराने लिहिलं होतं की फ्रुंझेचा गोलरक्षक डाव्या बाजूच्या सरपटत्या चेंडूवर उशिरा झेपावतो. ते खरं होतं, हीच पंचाईत. पुढच्या सामन्यापासून प्रत्येक जण डावीकडेच मारायला लागला आणि तो चेंडू पायातून सुटायच्या आधीच डावीकडे पडायला लागला. दीड वर्षात तो संघाबाहेर गेला.

गुरुवारी सकाळी त्याने लिहिलं. चांगलं लिहिलं. उझबेकांचा तिसरा खेळाडू झोहिद, एकोणीस वर्षांचा, याच्याबद्दल त्याने लिहिलं: 'झोहिद पहिली तीन मिनिटं नुसता बघतो. त्या वेळात त्याच्या मधल्या फळीत ओसाड रान असतं, घुसायचं तर तेव्हाच. नंतर तो दोघांना अंगावर सोडतो आणि श्वास घेऊ देत नाही. कोंडीत तो स्वतः सापडला तर चेंडू उजव्या काठाने लांब मारतो, तिथे आधीच माणूस ठेवावा.' आपल्या संघातल्या बेकतुरबद्दल लिहिलं: 'कोंडीत सापडला की चेंडू पायाशी धरून गोल फिरतो. मेंढीसारखा. तिसऱ्या फेरीला चेंडू जातो.' संघातल्या दुसऱ्या मुलाच्या आणि उझबेकांच्या उरलेल्या दोघांच्या कोंडीबद्दलही लिहिलं. अक्सामायबद्दल लिहिलं की ती सुरुवात जोरात करते, डावीकडून मधे येते, कोपऱ्यावरून उंच चेंडू टाकायचा तिला कंटाळा आहे, पुढे असली की संथ होते. सगळं खरं होतं. एक ओळ नव्हती.

अक्सामायने ते फोनवर वाचलं. "कंटाळा नाही हो बाबा, कोपऱ्यावरून गोल होतच नाहीत."

"होतात. तू मारत नाहीस."

"बघू शनिवारी," ती म्हणाली आणि त्याच्या बशीतला बोरसोक, कणकेचा तळलेला तुकडा, उचलून मुरंब्यात बुडवून खाल्ला. ती खुशीत होती. त्याने वही मिटली.

शनिवारी सामन्याच्या हॉलमध्ये तो अकरालाच पोचला. मंचावर दोन खुर्च्या, दोन पडदे, मागे दोन झेंडे. वार्ताहरांच्या रांगेत जागा शोधत असताना मागून कोणीतरी त्याला मिठी मारून उचललंच.

"एसेन! अजून तेवढाच हडकुळा!"

तो एर्गाश होता. उझबेकिस्तानातल्या नमंगानचा. दोघं दोन हंगाम फ्रुंझेच्या एकाच संघात खेळले होते, एर्गाश बचावात, एसेनगुल त्याच्या पाठीमागे. चारपाच वर्षांत भेट नव्हती. आता त्याच्या छातीवर उझबेकिस्तानचा बिल्ला होता.

"तू यांच्याबरोबर कसा?"

"प्रशिक्षक! हसू नकोस. मला त्या कंट्रोलरची बटणंही धड सापडत नाहीत. पण या पोरांना कोणीतरी सांगायला लागतं की फुटबॉल म्हणजे काय." त्याने एसेनगुलच्या दंडाला धरून बाजूला नेलं. त्याचा आवाज उतरला. "तुझं टिपण वाचलं. गुरुवारपासून तीनदा वाचलं."

"बरं."

"सुरेख आहे. प्रत्येक जण कोंडीत सापडल्यावर काय करतो ते लिहिलंयस. आमच्या झोहिदचं लिहिलंस, तुमच्या त्या मेंढीचं लिहिलंस. पाच जणांचं लिहिलंयस एसेन. सहावी तुझी मुलगी. तिचं नाही लिहिलंस."

एसेनगुलने मंचाकडे मान वळवली.

"मग मी विचार केला, का नाही लिहिलं? आणि मला आमची मॅच आठवली, दुशान्बेची, चिखलातली. दोन हंगाम माझ्या मानेवर उभा राहून तू एकच ओरडत होतास. 'अडकलास की मला दे, अडकलास की मला दे.' कान किटले होते माझे." त्याने उसासा टाकला. "काल आम्ही तिचे जुने सामने काढले. दुपारपर्यंत सापडलं."

"एर्गाश..."

"मी काय करू सांग? वाचलंच नाही म्हणू? त्या पोराने वर्षभर मरमर केलीय. मी त्याला सांगितलंय. पण तुझ्यापासून लपवून ठेवावं असं वाटलं नाही मला. म्हणून आलो."

"हे सांगून तू माझ्यावर उपकार केलेस की काय केलंस, मला कळत नाही," एसेनगुल म्हणाला.

"मलाही नाही," एर्गाश म्हणाला आणि त्याचा हात दाबून गेला.

घड्याळात अकरा वीस झाले होते. एसेनगुल मंचामागच्या बोळात घुसला. खेळाडूंच्या खोलीत वार्ताहरांना मनाई होती, पण दारावरच्या मुलाने म्हटलं, "अक्सामायचे वडील ना? दोन मिनिटं हं."

ती भिंतीला टेकून बसली होती, बोटं गरम राहावीत म्हणून हात काखेत घातलेले. बेकतुर पलीकडे पाय हलवत होता. बापाला बघून ती उठली.

"काय झालं? आई आली का?"

"येतेय. कारखान्यातून सुटली असेल." त्याने तिचे हात आपल्या हातात घेतले. गार होते. काय सांगायचं ते बोळातून येताना त्याने तीन शब्दांत जुळवलं होतं. मागे देऊ नकोस. बस, एवढंच. "पोरी, ऐक. डाव्या कोपऱ्यात अडकलीस तर..."

"ठाऊक आहे हो," ती हसली. "गोलीला द्यायचा."

तिने ते असं म्हटलं, जसं लहान मूल शाळेत जाताना 'रस्ता बघून ओलांडीन' म्हणतं.  आत्ता सांगितलं तर ती त्या खुर्चीत बसेल आणि प्रत्येक चेंडूला तिला तेच आठवेल. नाही सांगितलं तर पलीकडच्या खोलीत एक एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच चेंडूची वाट बघत बसलेला. दारातला मुलगा म्हणाला, "अगाय, चला."

"घाबरू नकोस," एसेनगुल म्हणाला आणि बाहेर आला. बोळाच्या टोकाशी गरम पाइपला हात टेकून तो उभा राहिला. हात भाजायला लागला तेव्हा त्याने तो काढला.

पहिला डाव बेकतुरने जिंकला. दोनदा गोल फिरला, तिसऱ्यांदा फिरायच्या आत चेंडू पुढे ढकलला. दुसरा उझबेकांनी घेतला. मग अक्सामाय आणि झोहिद येऊन बसले, आणि बुरुल धापा टाकत एसेनगुलच्या शेजारच्या खुर्चीत. तिच्या बाहीला अजून पांढरे दोरे चिकटलेले होते.

"किती झालं?"

"एक-एक. आता हिच्यावर."

दुसऱ्याच मिनिटाला, झोहिद नुसता बघत असताना, अक्सामाय त्या ओसाड रानातून घुसली आणि गोल केला. हॉल उभा राहिला. बुरुलने नवऱ्याच्या पाठीत गुद्दा मारला. "तुम्ही लिहिलं होतंत ना हे! तीन मिनिटांचं!" त्याने मान हलवली. तो बघत होता की झोहिद खुर्चीत सावरून बसला आहे.

मग ते सुरू झालं. झोहिदला गोलची घाई नव्हती. तो तिला ढकलत होता, मधून काठाकडे, काठावरून खाली, मेंढपाळ एकच मेंढी कळपातून वेगळी काढतो तसा. दोनदा ती निसटली. नवव्या मिनिटाला ती डाव्या कोपऱ्यात सापडली. दोघं अंगावर, एक जण उगाच रेंगाळल्यासारखा मधल्या वाटेवर. एसेनगुलने डोळे मिटले नाहीत. अंगठा हलला, चेंडू मागे निघाला आणि गोलरक्षकापर्यंत पोचलाच नाही. एक-एक.

"अरेरे," बुरुल म्हणाली. "चुकलं पोरीचं. होतं असं."

तीन मिनिटं उरली होती. पुन्हा तोच कोपरा, तेच दोघं. या वेळी अक्सामायने अंगठा धरून ठेवला. मागे द्यायचा नाही हे तिला कळलं होतं, पण दुसरं काय करायचं हे हाताला कोणी शिकवलंच नव्हतं. एक क्षण पडद्यावरचा तिचा खेळाडू नुसता उभा राहिला, पायाशी चेंडू घेऊन, भिंतीकडे तोंड करून. झोहिदने चेंडू काढून घेतला. दोन-एक. संपलं.

घरी जाताना मिनीबसमध्ये तिघं ओळीत बसले. खिडक्यांवर वाफ धरलेली, बाहेरचं काही दिसत नव्हतं.  मग अक्सामाय समोर बघत म्हणाली, "त्याला माहीत होतं. पहिल्यापासून तिथेच नेत होता मला."

"हो."

"तुम्हालाही माहीत होतं."

बुरुलने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"किती दिवस?" अक्सामायने विचारलं.

"दोन वर्षं."

"लिहिलं नाहीत ते समजलं. बाप आहात. पण मला का नाही सांगितलंत? 'सुस्त' म्हणालात ते चारचौघांत म्हणालात. हे घरातल्या घरात सांगता आलं नाही?"

समोरच्या सीटवरची बाई मागे बघायला लागली होती. एसेनगुलला खोटं बोलायला बरीच कारणं हाताशी होती. चार दिवस उरले होते, तुझं मन ढासळलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी चार दिवस नव्हते, दोन वर्षं होती. तो खाली बघत म्हणाला, "तू चेंडू मागे दिलास की मला बरं वाटायचं. वाटायचं, मलाच देतेयस."

अक्सामायने खिडकीवरची वाफ बाहीने पुसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला नव्हता देत बाबा. पडद्यावरच्या गोलीला देत होते." आणि पुढच्या थांब्याला, घर दोन थांबे लांब असताना, उतरून गेली.

"जाऊ दे तिला," बुरुल म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दोन वर्षं! मी तर दोन दिवसांत सांगितलं असतं."

"म्हणूनच तुला सांगितलं नाही," तो म्हणाला. थांबा आला तेव्हा ती त्याच्या आधी उठून उतरली.

दहाबारा दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. अक्सामाय दुकानात जायची, यायची, दार लावून सराव करायची. दाराआडून बटणांचा आवाज यायचा, मग शांतता, मग कंट्रोलर गादीवर आपटल्याचा आवाज. एका दुपारी दार उघडून ती स्वयंपाकघरात आली, त्याच्यासमोर बसली.

"कझाकस्तानच्या सामन्याचं टिपण कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी."

"लिहा ते."

"काय?"

"माझं. कोपऱ्याचं. सगळं लिहा."

"अगं, सगळे..."

"सगळ्यांना कळलंच आहे. झोहिदने दाखवलं ना जगाला. तुम्ही नाही लिहिलंत तर लोक म्हणतील अजून लपवतोय. आणि मला ते छापलेलं वाचायचंय. तुमच्या शब्दांत." तिचे डोळे कोरडे होते. "दिसतं ते लिहिता ना?"

त्याने लिहिलं. सहा ओळी झाल्या. कुठून आली ती खोड तेही लिहिलं, आपलं नाव घालून. उलानने वाचलं आणि तसंच चढवलं. त्या दिवशी टिपण जितक्यांनी वाचलं तितक्यांनी आधी कधी वाचलं नव्हतं. शुक्रवारी निवड समितीनेही वाचलं आणि कझाकस्तानच्या सामन्यासाठी अक्सामायला राखीव ठेवलं. फोन आला तेव्हा ती भांडी पुसत होती. "ठीक आहे," म्हणाली, फोन ठेवला आणि पुसत राहिली. एसेनगुलला वाटलं, आता तरी ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने सगळ्या बशा पुसल्या, मग एक एक करून कपाटात लावल्या.

"मी तुला बाहेर काढलं," तो म्हणाला.

"तुम्ही नाही लिहिलंत तेव्हाही मी हरलेच ना," ती म्हणाली. "मग कशाला बोलायचं?"

शेवटच्या डावात आता बेकतुर खेळणार होता. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, बेल वाजली. दारात बेकतुर, हातात दोन गरम नान आणि संत्र्यांची पिशवी. बूट काढून, टोपी काढून तो आत आला, बुरुलला हवापाणी विचारलं, कारखान्याचं विचारलं, गळत्या नळाकडे बघून म्हणाला, "मी दुरुस्त करून देतो हा, काकू." बुरुलने चहा ओतला. तो प्याला, पुन्हा ओतला, पुन्हा प्याला. मग प्याला हातात फिरवत म्हणाला, "अगाय, सोमवारी आमचं अजून एक टिपण येणार म्हणे. खास शेवटच्या डावाचं."

"येणार."

"माझ्याबद्दल... म्हणजे, मेंढीचं तर झालंच आहे. आता नवीन काही... फार काही नाही ना लिहिणार?"

एसेनगुल वहीकडे बघत राहिला. वहीत बेकतुरची चार पानं भरलेली होती. हा मुलगा गेल्या वर्षापर्यंत त्याच्याशी रस्त्यात थांबून बोलायचा. आता संघातली सगळी पोरं त्याला पोलिसाला बघावं तशी बघत होती. 'लिहिणार नाही' म्हणावं तर पुन्हा तेच, 'लिहिणार' म्हणावं तर समोर हा, नान घेऊन आलेला. त्याला वाटलं, या टेबलाशी बसूनच आपण मरणार.

आतल्या खोलीचं दार उघडलं. अक्सामाय चौकटीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"लिहितील ते," ती बेकतुरला म्हणाली. "तू चहा पी."

बेकतुरची मान खाली गेली. एसेनगुलने मुलीकडे पाहिलं, मग वही ओढून बेकतुरच्या बाजूला वळवली.

"सोमवारी लिहिणार आहे. पण आज शनिवार आहे. इकडे सरक. तुझं काय काय दिसतंय ते आधी तुला सांगतो."

बेकतुर सरकला. एसेनगुलने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मेंढीसारखं फिरणं आता कमी झालंय, पण त्याऐवजी तू उजवीकडे आंधळा पास देतोस, विसाव्या सामन्यापासून. हे बघ. आणि इथे. बेकतुर आधी वाद घालत होता, मग विचारायला लागला, मग बुरुलकडून पेन मागून घेऊन संत्र्यांच्या पिशवीवर लिहायला लागला. चहा गार झाला.

अक्सामाय इतका वेळ चौकटीलाच टेकून होती. आता ती टेबलाशी आली, उभ्याउभ्या वहीत डोकावली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकीचं आहे," ती बापाला म्हणाली. "दमल्यामुळे नाही करत तो हे. पुढे असला की करतो. सरका जरा, दाखवते."

एसेनगुल सरकला.